कबुली हप्त्याहप्त्याने देऊ नका

ताई, सादर नमस्कार.

मी देवगड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. थोडंफार लिहितोही. यंदा एका दिवाळी अंकात रापणीवरचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून करायच्या मासेमारीवरचा, माझा लेख आला. लोकांना आवडला. इथल्या वाचनालयाने त्याला पाच हजारांचं पारितोषिक दिलं, पेपरात फोटो आला, शाळेत सत्कार झाला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी डोंबिवलीच्या एका बाईंनी संपादकांना पत्र लिहिलं, की हा लेख त्यांच्या वडिलांचा आहे. ते आमच्याच तालुक्यातले निवृत्त गुरुजी. २००९ साली वारले. १९९६ साली त्यांच्या वाड्यातल्या देवळाच्या जीर्णोद्धाराची स्मरणिका निघाली होती, तिच्यात त्यांचा लेख आहे. बाईंचं म्हणणं, दोराची लांबी स्मरणिकेत चुकून 'आठशे वाव' छापली गेली, गुरुजींनी 'ऐंशी' लिहिलं होतं, आणि तीच चूक माझ्या लेखात आहे.

स्मरणिका माझ्या वाचनात आली होती हे खरं. आमचं घर आंब्याच्या कलमांवर चालणारं, रापणीची माहिती मला मिळणार तरी कुठून? काही परिच्छेद नकळत उतरले असावेत. संदर्भ द्यायचा राहून गेला.

आता दोन्ही लेखांचे फोटो गुरुजींच्या वाड्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शेजारीशेजारी फिरताहेत. सुरुवातीला मी 'एकाच विषयावर दोघांनी लिहिलं की साम्य येणारच' असं उत्तर टाकलं होतं. लोकांनी आणखी पानं टाकली, तेव्हा ते डिलीट केलं. परवा एसटी स्टँडवर एकाने विचारलं, "मास्तरांनू, फळ्यावरचो सुविचार तरी तुमचोच मा?" नववीची पोरं मागे हसतात.

पत्नी म्हणते गप्प राहा, शिमग्यापर्यंत लोक विसरतील. मुख्याध्यापक म्हणतात चार ओळींची दिलगिरी देऊन टाका. वकील मित्र म्हणतो लेखी काहीच देऊ नकोस. पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या कार्यक्रमात 'लेखक आपल्या भेटीला' म्हणून मला बोलावलंय. प्रतिष्ठा राखून यातून बाहेर कसं पडावं? दोन्ही लेखांची झेरॉक्स जोडली आहे.

– एक शिक्षक, देवगड तालुका

मास्तर,

झेरॉक्स जोडलीत हे बरं केलंत. नुसत्या पत्रावर विसंबले असते, तर 'संदर्भ राहिला होता असं जाहीर करून टाका' एवढं सांगून मोकळी झाले असते. दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचले आणि तुमच्या पत्रातल्या दोन वाक्यांवरचा माझा विश्वास उडाला. परिच्छेद नकळत उतरले, हे एक. संदर्भ राहून गेला, हे दुसरं.

गुरुजींनी लिहिलंय: 'बाबा दोराला नुसता हात लावायचे आणि डोळे मिटून सांगायचे, आत बांगडा आहे की तारली.' तुमच्याकडे: 'आजोबा दोराला नुसता हात लावायचे आणि डोळे मिटून सांगायचे, आत बांगडा आहे की तारली.' गुरुजींच्या लेखात जिथे जिथे 'बाबा' आहेत, तिथे तिथे तुमच्या लेखात 'आजोबा' आहेत, आणि एकाही जागी हात चुकलेला नाही. एका ठिकाणी तर गुरुजी लिहितात, की बाबांनी मला खांद्यावर घेऊन होडी दाखवली. तिथे तुम्ही 'आजोबांनी माझा हात धरून होडी दाखवली' असं केलंत. म्हातारा माणूस पोराला खांद्यावर कसा घेईल, एवढा विचार तुम्ही केलात. नकळत उतरलेल्या मजकुराची कोणी इतकी निगा राखत नाही.

आणि ते आठशे वाव. दोन्ही हात पसरले की होतो तो एक वाव, म्हणजे साधारण सहा फूट. आठशे वाव म्हणजे जवळजवळ दीड किलोमीटर दोर! ज्याच्या घरातल्या कोणी एकदा जरी रापणीचा दोर ओढला असेल, त्याची लेखणी या आकड्यापाशी अडली असती. तुमची अडली नाही, कारण तुम्ही लिहीत नव्हता, उतरवत होता.

असं कधी कोणाच्या हातून खरोखर नकळत घडतं का? घडतं. हेलन केलर अकरा वर्षांची असताना तिने हिमराजाची एक गोष्ट लिहिली आणि आपल्या पर्किन्स शाळेच्या प्रमुखांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. गोष्ट छापली गेली, आणि मग लक्षात आलं की मार्गारेट कॅनबी या लेखिकेच्या जुन्या गोष्टीशी ती फारच जुळते. ती गोष्ट पूर्वी कधीतरी हेलनच्या तळहातावर बोटांनी लिहून ऐकवली गेली होती, आणि पोरीला त्याची आठवणही नव्हती. १८९२ साली शाळेने समिती बसवून त्या मुलीची उलटतपासणी घेतली. तिने त्याचा इतका धसका घेतला, की पुढे कितीतरी काळ आपण लिहितो ते आपलंच आहे ना, या शंकेने तिला घेरलं. मार्क ट्वेनला हे कळल्यावर १९०३ साली त्याने तिला पत्र लिहून त्या समितीचा यथेच्छ समाचार घेतला. मला विचाराल तर ट्वेनचंच बरोबर. पण ती अकरा वर्षांची होती, ना दिसत होतं ना ऐकू येत होतं, आणि तिने कोणाच्या बापाला आपला आजोबा केलं नव्हतं. तो आडोसा तिचा तिलाच राहू द्या.

हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही. तुम्ही पुढे जे काही जाहीर कराल, त्याची सगळी मदार इथेच आहे. लोकांनी परिच्छेद पकडलेत. आजोबांचं अजून नीट कोणी बोललेलं नाही. तुम्ही परिच्छेदांची कबुली दिलीत आणि आजोबांबद्दल गप्प बसलात, तर आठवड्याभरात कोणीतरी विचारणारच: "मास्तरांचो आजो रापणीर कधी गेल्लो रे?" मग दुसरी कबुली. मग कोणी तुमचे मागचे लेख काढेल. मग तिसरी. कर्ज हप्त्याने फेडता येतं, कबुलीला ती सोय नाही. प्रत्येक हप्त्याला आधीची कबुली खोटी ठरत जाते.

याचा मोठा नमुना जर्मनीत होऊन गेला. कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग हे तिथले संरक्षणमंत्री, लोकांचे लाडके. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांच्या डॉक्टरेटच्या प्रबंधात उसना मजकूर सापडला. आधी म्हणाले, आरोपात काही अर्थच नाही. दोन दिवसांनी म्हणाले, चौकशी होईपर्यंत पदवी नावापुढे लावणार नाही. आणखी तीन दिवसांनी म्हणाले, कायमचीच सोडतो. तोवर वाचक मिळून पानापानाचा हिशेब मांडत होते. त्याच आठवड्यात बायरॉइट विद्यापीठाने पदवी काढून घेतली आणि १ मार्चला मंत्रिपदही गेलं. पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं असतं तर पद राहिलं असतं की नाही कोण जाणे, पण निदान रोज एक पायरी खाली उतरताना जगाने पाहिलं नसतं. तुमचं 'साम्य येणारच' हे पहिल्या दिवसाचं वाक्य होतं. डिलीट केलंत, पण त्याचा स्क्रीनशॉट कोणाकडे नसेल अशा भ्रमात राहू नका.

उलट उदाहरण मुंबईत वाढलेल्या फरीद झकेरियांचं. ऑगस्ट २०१२ मध्ये 'टाइम'मधल्या बंदूक नियंत्रणावरच्या त्यांच्या स्तंभात जिल लेपोर या इतिहासकार बाईंच्या लेखातला मजकूर आढळला. बोभाटा झाला त्याच दिवशी त्यांनी माफी मागितली: आरोप करणारे बरोबर आहेत, चूक गंभीर आहे आणि पूर्णपणे माझी आहे. माफी मागताना लेपोर बाईंचं नाव घेतलं, संपादकांचं आणि वाचकांचंही घेतलं. 'टाइम' आणि सीएनएनने निलंबित केलं आणि आठवड्याभरात परत घेतलं. मात्र गोष्ट तिथे संपली नाही. दोन वर्षांनी त्यांच्या जुन्या लेखनावर पुन्हा आरोप झाले आणि काही प्रकाशनांना त्या लेखांखाली खुलाशाच्या टिपा जोडाव्या लागल्या. म्हणून सांगते, आज रात्रीच आपले जुने लेख काढून बसा. आणखी कुठे कोणाचं काही उचललेलं असेल तर तेही याच निवेदनात घाला. नसेल तर 'नाही' असं छातीठोकपणे लिहा. पण आधी तपासा.

आता तुमच्या तीन सल्लागारांकडे वळते.

वहिनींचं मन मी समजू शकते. घरात नवऱ्याचा उतरलेला चेहरा बघवत नाही, म्हणून माणूस असं बोलतो. पण शिमग्यापर्यंत विसरतील? अहो, शिमग्यालाच तर सोंगं निघतात! एखाद्या हौशी संकासुराच्या हातात दिवाळी अंक दिसला तर मला मुळीच आश्चर्य वाटणार नाही. आपल्याकडे माणसं विसरत नाहीत, तोंडावर बोलायचं थांबवतात इतकंच.

वकील मित्राचं म्हणणं थोडं खोलात बघू, कारण तुमच्या पत्रात भीती डोकावते ती तिथूनच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. गुरुजी २००९ साली गेले, म्हणजे २०६९ संपेपर्यंत तो लेख त्यांच्या वारसांचा. लेखावर आपलं नाव लागण्याचा लेखकाचा हक्क तर वेगळाच, आणि तो त्यांच्या पश्चात वारसांना मागता येतो. कलम ६३ मध्ये शिक्षा आहे: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. माहितीवर कोणाची मालकी नसते, हेही खरं. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात स्पष्टच म्हटलंय, की कल्पनेवर किंवा विषयावर कॉपीराइट नाही, ती ज्या रूपात मांडली त्यावर आहे. होडी जाळं टाकत अर्धगोल फिरते, दोराचं एक टोक किनाऱ्यावर राहतं, दुसरं लांबवर आणून देतात, मग दोन्हीकडून माणसं ओढत ओढत जवळ येतात. हे तुम्ही, मी, कोणीही लिहावं. डोळे मिटून दोर वाचणारे बाबा मात्र गुरुजींचे.

तेव्हा वकिलाशी जरूर बोला, पण प्रश्न बदलून. 'लेखी देऊ की नको' असं विचारू नका. तुमचं निवेदन त्यांच्यापुढे ठेवा आणि 'यात वस्तुस्थितीची काही चूक आहे का' असं विचारा. दोन्ही लेख छापील आहेत, पुरावा गावभर फिरतोय. गप्प राहून तुम्ही लपवणार काय? आणि त्या बाईंनी अजून कोर्टाचं नावही काढलेलं नाही. वकिलाची नोटीस घेऊन पहिलं पाऊल तुम्ही टाकलंत, तर दुसरं त्यांना तिथेच टाकावं लागेल.

मुख्याध्यापकांची चार ओळींची दिलगिरी ही सगळ्यांत धोक्याची, कारण ती सभ्य दिसते. 'अनवधानाने संदर्भ देणे राहून गेले. कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहे.' जत्रेला गाऱ्हाणं घालताना आपण म्हणतो ना, "काय चुकला माकला आसात तर पदरात घे, महाराजा", आणि सगळे एका सुरात "व्हय महाराजा" म्हणतात! देवाला ते चालतं, कारण काय चुकलंय हे त्याला आधीच ठाऊक असतं असं आपण धरून चालतो. माणसांना सांगावं लागतं. किती, कोणाचं, कसं. आणि 'दुखावल्या असल्यास' कशाला? दुखावल्यात. डोंबिवलीहून पत्र आलंय की.

नेमकं काय दुखलं, हेही तुमच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. तुम्ही वाड्यातल्या ग्रुपबद्दल लिहिलंत ते चेष्टा-मस्करीच्या अंगाने. मला तिथे चेष्टा कमी आणि चीड जास्त दिसते. तुमचं घर कलमवाल्यांचं. गुरुजी गाबितवाड्यातले, म्हणजे मच्छीमारांच्या वस्तीतले. त्यांचे बाबा पहाटे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून दोर ओढत, आणि अर्धा दिवस ओढून कधी वाट्याला बोटांवर मोजण्याइतके बांगडे येत, हे त्यांच्या लेखात आहे. (हाही परिच्छेद तुम्ही सोडलेला नाही.) त्या घरातून पहिला शिकलेला माणूस शिक्षक झाला, त्याने आयुष्यात जे थोडं लिहिलं त्यात हे लिहिलं, आणि बापाचं नाव एकदा छापून आलं ते देवळाच्या स्मरणिकेत. ते तुम्ही पुसून त्या जागी बागायतदार आजोबा उभे केलेत, त्यावर पाच हजार आणि शाल घेतलीत. वाक्यं गेली याचं दुःख बाईंना असेलच. पण वाड्याच्या मनात असं येत असणार, की आमच्या आजाचे कष्टसुद्धा यांना आपल्या नावावर हवेत. रापण आता मोजक्याच किनाऱ्यांवर उरलीय, त्यामुळे ही आठवण त्यांना आणखी जपून ठेवावीशी वाटते. हे ध्यानात ठेवून निवेदन लिहिलंत, तर ते आपोआप सरळ होईल.

निवेदन मीच थोडं लिहून देते. (आता हे उतरवायला हरकत नाही. मी परवानगी देतेय.)

'यंदाच्या दिवाळी अंकात माझ्या नावाने रापणीवर लेख छापून आला. त्यातला बहुतांश मजकूर माझा नाही. तो …… गुरुजींनी १९९६ च्या स्मरणिकेत लिहिलेल्या लेखातून मी शब्दशः उतरवला आहे. त्यांच्या वडिलांच्या आठवणी मी माझ्या आजोबांच्या म्हणून लिहिल्या. माझे आजोबा रापणीवर कधी गेले नाहीत. हे मी जाणूनबुजून केलं. त्यानंतर "साम्य येणारच" असं मी ग्रुपवर लिहिलं, तेही खोटं होतं. गुरुजींच्या कुटुंबाची, त्यांच्या वाड्याची, संपादकांची, वाचनालयाची आणि माझ्या विद्यार्थ्यांची मी माफी मागतो. पारितोषिक आणि मानधन परत करत आहे.'

गाळलेल्या जागी गुरुजींचं पूर्ण नाव घाला, वडिलांच्या नावासकट. त्या नावासाठीच तर हे सगळं चाललंय. कारणं एकही घालू नका. संपादकांची घाई होती, आईचं आजारपण होतं, रापणीचं वाङ्मय मिळत नाही, हे सगळं खरं असेल, पण निवेदनात आलं की वाचणाऱ्याला वाटतं, माफी मागतोय की सवलत? 'जाणूनबुजून' लिहिताना हात थरथरेल. तेवढा शब्द टाळून निवेदन दिलंत, तर मी वर लिहिलेलं सगळं फुकट गेलं असं समजा.

क्रम सांभाळा. हे निवेदन ग्रुपवर वाचून त्या बाईंना कळता कामा नये. त्यांचा नंबर संपादकांकडे असेल. तो परस्पर न घेता, 'मला त्यांच्याशी बोलायचंय, त्यांना विचाराल का' असं संपादकांना सांगा. त्या हो म्हणाल्या तर संध्याकाळी उशिरा फोन करा, डोंबिवलीची गाडी उतरून माणूस जेवायला बसतो त्या वेळेच्या पुढे. काय केलंत ते सांगा, निवेदन वाचून दाखवा, आणि थांबा. त्या रागावतील. मध्ये बोलू नका. 'मला मोठ्या मनाने माफ करा' असं म्हणू नका, कारण मग मन मोठं करायची जबाबदारी त्यांच्यावर येते. बापाची वही लोकांनी उचलली, वर मोठं मनही त्यांनीच दाखवायचं? फोन त्यांनी ठेवला तर परत लावू नका. आणि त्या बोलायलाच नाही म्हणाल्या, तर हेच हाताने लिहून संपादकांमार्फत पाठवा.

मेहेरबानी करून आंब्याची पेटी पाठवू नका. तुम्ही कराल म्हणून नाही, पण आपल्याकडे अशा वेळी पहिलं कोणाच्या तरी मनात तेच येतं. हापूस देऊन मिटवायला हा काही बांधावरचा वाद नाही. सरपंच, पुढारी, 'दोघांच्या ओळखीचे' कोणी, यांनाही मध्ये घालू नका. वाड्यात जायचं असेल तर एकट्याने जा, गुरुजींचे भाऊबंद असतील त्यांच्याकडे. देवळात बोलावून चार माणसांत विचारलं तर तिथेही जा आणि हेच निवेदन वाचा. जास्तीचं एक वाक्य नको.

बाईंशी बोलणं झालं त्याच दिवशी, उशीर न करता, संपादक, वाचनालय, मुख्याध्यापक आणि ग्रुप. ग्रुपवर एकदाच टाका आणि खाली येईल त्याला उत्तर देऊ नका. ग्रुप सोडूही नका. अंगठे, हसरे चेहरे, 'मास्तर, मोठेपणा दाखवलात' असंही कोणी लिहील. त्यालाही उत्तर नको, नाहीतर आठवड्याभरात तुम्हीच सत्कारमूर्ती व्हाल, आणि ते पहिल्यापेक्षा वाईट.

दिवाळी अंकाची एक अडचण तुमच्या लक्षात आली का? खुलासा छापायला संपादकांना पुढच्या दिवाळीपर्यंत थांबावं लागेल. तेवढं थांबायचं नाही. जिथे सत्काराची बातमी आली त्याच स्थानिक पेपरात निवेदन द्या, आणि वाचनालयाच्या फलकावर लावा. शक्य तर बातमी जेवढी मोठी होती तेवढंच, पैसे पडले तर आपल्या खिशातून. पुढच्या अंकासाठी मात्र संपादकांना विनंती करा, की कुटुंबाची तयारी असेल तर गुरुजींचा मूळ लेख त्यांच्या नावाने, 'ऐंशी वाव' असं दुरुस्त करून छापावा. मानधन त्यांच्या वारसांना. ही विनंती बाईंकडे संपादकांनी करायची, तुम्ही नाही. तुम्ही केलीत तर ती सौद्यासारखी ऐकू येईल.

नववीच्या वर्गाचं सांगते, कारण मला सगळ्यांत जास्त काळजी तिथली वाटते. तुम्ही मराठीचे शिक्षक. गाईडमधला निबंध उतरवणाऱ्या किती पोरांना तुम्ही उभं केलं असेल? तासाच्या सुरुवातीला दोन मिनिटं उभे राहा आणि सांगा: 'मी दुसऱ्याचा लेख माझ्या नावाने छापला. तो अमुक गुरुजींचा होता. मी तशी कबुली दिली आहे, बक्षीस परत करतोय.' झालं, की पुस्तक उघडा. प्रामाणिकपणावर व्याख्यान नको, त्या दिवशी ते तुमच्या तोंडी शोभणार नाही. कोणीतरी बाकावरून "सर, मग तुमचे मार्क किती कापले?" असं विचारेल. विचारू दे. "सगळे" म्हणा आणि धडा सुरू करा. मराठीच्या तासाला तुम्हाला पुन्हा कोणाची वही तपासायची आहे. हे न सांगता ती तपासता येणार नाही.

शाळेने काही कारवाई केली तर ती घ्या. संस्थेकडे कोणाची रदबदली लावू नका.

'लेखक आपल्या भेटीला' हा कार्यक्रम अर्थातच नाही. स्वतःहून कळवा, प्रकृतीचं कारण न देता. खरं कारण लिहा, निवेदनाची प्रत जोडा. कोणी उत्साहाने म्हणेलही, की या आणि त्याच व्यासपीठावर कबुली द्या, लोकांवर छाप पडेल. नको. ती संध्याकाळ पुन्हा तुमचीच होईल. वाचनालयाला सुचवा, की त्या दिवशी रापणीवर बोलायला वाड्यातल्या एखाद्या जुन्या रापणकराला बोलवावं. तुम्हाला जावंसं वाटलं तर मागच्या खुर्चीवर बसून ऐका. दोर किती वाव असतो तेही कळेल.

प्रतिष्ठेचं तुम्ही विचारलंत, त्याला मी बगल दिली असं वाटेल. ती आजच्या घडीला नाही, आणि ती राखायच्या बेतानेच तुमच्या हातून तो डिलीट केलेला मेसेज लिहिला गेला. पुढच्या दोनचार वर्षांत तुमचं कोणी काही छापेल याची अपेक्षा ठेवू नका. लिहायचं तर बंद करू नका. तुमच्या घरी आंब्याची अढी लावताना आजोबा कसे फळ हातात घेऊन देठापाशी नाक नेत, हे तुम्हीच दोन वर्षांपूर्वी कुठेतरी लिहिलं होतंत, त्याचंही कात्रण झेरॉक्समध्ये चुकून आलंय. त्या परिच्छेदात मला कुठेही अडखळायला झालं नाही. तिथले आजोबा खरे होते.

पाच हजारांचा चेक वाचनालयाच्या नावाने काढा, अंकाचं मानधन संपादकांना परत पाठवा. शाल आणि सन्मानचिन्ह द्यायला शिपायाला पाठवू नका, स्वतः जा, लोक असतील अशा वेळी जा. पावती मागून घ्या. तिचा फोटो मात्र ग्रुपवर टाकू नका.